चाळीसची कार्बाइन: भाच्यासाठी ठेवलेल्या नोंदी

८ डिसेंबर २०२४, रविवार, भुसावळ

भाचा महिनाभराच्या सुट्टीवर आलाय. काल रात्री जेवणं आटोपल्यावर ओट्यावर बसलो होतो, तेव्हा त्याने विषय काढला. तो डॅलसजवळ राहतो आणि वर्षभरापासून तिथल्या एका क्लबात महिन्यातून दोनदा सामने खेळतो. त्याच्याकडे ग्लॉक २२ आहे, .४० एस अँड डब्ल्यू काडतुसाचं पिस्तूल. पोलिसांनी वापरून बदलीत दिलेलं, म्हणून स्वस्तात मिळालेलं. आता त्याला त्याच काडतुसाची कार्बाइन घ्यायची आहे.

"मामा, मॅगझीन तेच, काडतूस तेच. एका पेटीत दोघांचं भागतं. घेऊन टाकू ना?"

मी लगेच हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. माझं वर्कशॉप लेथचं. मागच्या शेडमध्ये दहा मीटरची एअर रायफलची लेन टाकलीय, तिथे शनिवार-रविवार अकरा पोरं सराव करतात. तरुणपणी मी .२२ वर स्पर्धा खेळलो. पिस्तुलाच्या काडतुसाची कार्बाइन मात्र कधी हातात धरलेली नाही. पण नळी, बोल्ट, वजन, वेग यांचं गणित टेक्सासात वेगळं आणि भुसावळात वेगळं असं नसतं. म्हणून ठरवलं, तो इथे आहे तोवर आणि परत गेल्यावरही, जे कळेल ते तारखेनिशी लिहीत जायचं.

ज्यांना ही वस्तू ठाऊक नाही त्यांच्यासाठी: खांद्याला लावायचा दस्ता, साधारण १६ इंचांची नळी, म्हणजे दिसायला रायफलच. पण आत रायफलचं लांब काडतूस नाही, पिस्तुलाचं आखूड काडतूस बसतं. १६ इंच हा आकडा अमेरिकेच्या कायद्यातून आलाय. त्याहून आखूड नळीची रायफल असेल तर नॅशनल फायरआर्म्स ॲक्टप्रमाणे वेगळी नोंदणी लागते. ९ एमएमच्या कार्बाइनी तिकडे ढिगाने मिळतात. .४०, .४५, १० एमएम, ५.७ (हे आकडे काडतुसाच्या मापाचे) या आडवाटेच्या. त्या आडवाटेला जाऊन पैसे टाकावेत का, एवढाच प्रश्न आहे.

१० डिसेंबर, मंगळवार

आज फक्त कायदा. शेडमधल्या पोरांनी भाच्याला घेरलं होतं आणि पहिला प्रश्न तोच: आपल्याकडे मिळेल का? स्पष्ट सांगितलं. ९ एमएम आपल्याकडे निषिद्ध बोअर (नळीचं आतलं माप) आहे. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून सर्वसाधारण परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. पोरांच्या एअर रायफलींना परवाना लागत नाही, कारण बोअर ४.५ मिलिमीटर आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत. स्पर्धेची एअर रायफल तर साडेसात ज्यूलच्या आसपासच असते.

भाच्याला दोन गोष्टी बजावल्या. त्याने पिस्तूल घेतलं ते ग्रीन कार्ड झाल्यावर, हे बरं केलं. एच-वन-बीवर असलेल्याला तिकडच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना वगैरे काही अपवाद आहेत, पण त्या वाटेने जायचं तर आधी वकील गाठावा. त्याचा घरातला सोबती एच-वन-बीवर आहे, म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवतोय. दुसरी गोष्ट सामानाची. रेंजवर नेलेली पिशवी प्रवासाला वापरायची नाही. कप्प्यात विसरलेलं एक जिवंत काडतूस आपल्या विमानतळावर सापडलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा होतो. आणि मला नमुना म्हणून तिकडून काहीही पाठवायचं नाही, साधी स्प्रिंगसुद्धा नाही. मी फोटो बघेन आणि मापं विचारेन.

१५ डिसेंबर, रविवार, यावल तालुका

मित्राच्या मळ्यात भरीत. तुराट्यांच्या जाळावर भाजलेली पांढरट-हिरवी वांगी, लाकडी बडगीत ठेचलेली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे, सोबत कळण्याची भाकरी. थंडीत हे जेवण चुकवायचं नसतं आणि भाचा तर वर्षभर याचीच वाट बघत असतो.

तिथे वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले आमचे एक काका होते. सगळं आयुष्य काडतुसांच्या तपासणीत गेलेलं. भाच्याने त्यांना उत्साहाने सगळं सांगितलं. एक पट्टा, एकच काडतूस, पिस्तूल आणि कार्बाइन दोन्हीत. काकांनी ही कल्पना जुनीच असल्याचं सांगितलं, आणि ते खरं आहे. विंचेस्टरची १८७३ ची रायफल .४४-४० काडतुसाची होती. त्याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर कोल्टने १८७८ मध्ये आणलं. दुकान चार दिवसांच्या वाटेवर असणाऱ्या माणसाला कमरेला एकाच जातीची काडतुसं बांधून दोन्ही चालवता आली, ही तेव्हा फार मोठी सोय होती.

मग काकांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "वर्षाले किती झाडतो रे भाऊ तू?"

भाचा म्हणाला, दोनशे असतील महिन्याला. मग म्हणाला, तीनशे. मग म्हणाला, सामना असला की जास्त.

"लिहून ठेवलं नाही?"

नाही ठेवलं. काका पुढे काहीच बोलले नाहीत, भरीत वाढून घेतलं. मला मात्र तो प्रश्न घरी येईपर्यंत सोडेना. आम्ही आठवडाभर बंदुकीबद्दल बोलतोय आणि तिच्या पोटात वर्षाकाठी काय जाणार हे कुणीच मोजलेलं नाही. परत गेल्यावर दर वेळी रेंजवर किती काडतुसं झाडली ते वहीत लिही, असं त्याला सांगितलं. सगळ्यात आधी हा आकडा हवा.

२२ डिसेंबर, रविवार

काल ताईबरोबर जळगावला सराफाकडे गेलो होतो. भाचाही होता. दुकानातले म्हातारे शेठ जुन्या तोळ्याची गोष्ट सांगत होते. आता सराफीत तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात, पण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. मी खिशातला कागद काढला आणि गुणाकार केला. गोळीचं वजन अमेरिकेत ग्रेनमध्ये मोजतात, एक ग्रेन ०.०६४८ ग्रॅम. .४० ची नेहमीची गोळी १८० ग्रेनची. म्हणजे जुना एक तोळा, बरोब्बर! हा योगायोगही नाही, ब्रिटिशांनी तोळा १८० ग्रेनवरच पक्का केला होता. ९ एमएमची ११५ ग्रेनची गोळी साडेसात ग्रॅमची, म्हणजे तोळ्याच्या दोन तृतीयांशाहून किंचित कमी. ताईला हे ऐकून गंमत वाटली, पण भाच्याला फरक हातात आल्यासारखा समजला. एक तोळा आणि त्याहून जवळजवळ सहा आणे कमी.

रात्री नळीच्या लांबीचं गणित मांडलं. लोकांचा समज असा की नळी चौपट लांब झाली म्हणजे गोळी कितीतरी जोरात जाणार. पिस्तुलाच्या काडतुसात तसं होत नाही. त्यातली दारू थोडी आणि झटकन जळणारी, आखूड नळीसाठीच बेतलेली. पहिल्या काही इंचांत ती जळून संपते. पुढे वायू नुसता पसरत जातो, दाब उतरत जातो आणि नळीचं घर्षण मात्र शेवटपर्यंत असतं. त्यामुळे ९ एमएम, .४०, .४५ या तिघांनाही १६ इंचांच्या नळीत शेकडा दहा ते पंधरा, फार तर थोडा अधिक वेग मिळतो.

.३५७ मॅग्नमचं मात्र वेगळं. रिव्हॉल्व्हरचं लांब काडतूस, आत सावकाश जळणारी भरपूर दारू. १५८ ग्रेनची गोळी रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला बाराशे फुटांच्या वर जाते आणि लांब नळीच्या लिव्हर रायफलमधून (खालचा दांडा ओढून काडतूस चढवायची रायफल) सतराशे-अठराशेपर्यंत पोहोचते. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती जवळजवळ दुप्पट होते. पिस्तुलाच्या काडतुसाला लांब नळीने काही दिलं का, असं कुणी विचारलं तर आधी कुठलं काडतूस ते विचारावं.

.४० बद्दल माझा अंदाज: पिस्तुलातून १००० फूट, कार्बाइनमधून ११५०. लिहून ठेवतो. भाचा परत गेल्यावर मोजून कळवेल.

५ जानेवारी २०२५, रविवार

भाचा शुक्रवारी गेला. घर सुनं वाटतंय.

आज बोल्टचा, म्हणजे काडतुसामागच्या सरकत्या लोखंडी ठोकळ्याचा विचार केला. यातल्या बहुतेक स्वस्त कार्बाइनी साध्या ब्लोबॅकच्या असतात. रायफलचा बोल्ट कुलूप लावल्यासारखा अडकतो, तसा हा अडकत नाही. काडतूस सुटताना बोल्ट मागे ढकलला जातो आणि त्याला थोपवतं ते त्याचं स्वतःचं वजन आणि थोडी स्प्रिंग. गोळी नळीबाहेर पडून दाब उतरेपर्यंत बोल्टने फार मागे सरकायचं नाही, एवढंच त्याचं काम. त्यामुळे बोल्ट जड ठेवावाच लागतो. ९ एमएमला सुद्धा तो अर्ध्या-पाऊण किलोच्या घरात असतो. पिस्तुलात एवढं लोखंड मागेपुढे होत नाही.

.४० मध्ये गोळीचा संवेग ९ एमएमपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश जास्त आहे. तेवढाच बोल्टलाही उलटा मिळतो. मग बोल्ट आणखी जड करा, नाहीतर तो जास्त वेगाने मागच्या भिंतीवर आपटू द्या. जड केला की प्रत्येक बाराला नेम हलतो. आपटू दिला की खांद्याला कळतं आणि सुटे भाग लवकर झिजतात. मी कपाटातला सातशे ग्रॅमचा लोखंडी गज घेऊन हातात पुढे-मागे झटकून बघितला. एवढं वजन रायफलीच्या आत मागे जाऊन थांबतं, म्हणजे धक्का बारुदाचा कमी आणि या लोखंडाचाच जास्त जाणवत असणार.

कंपन्यांनी यावर उपाय काढलेत. रूगरच्या पीसी कार्बाइनमध्ये बोल्टच्या आत टंगस्टनचं सरकतं वजन आहे, ते आपटण्याचा जोर मारतं. एमपी५ या सबमशीनगनमध्ये साठच्या दशकापासून रोलर आहेत, बोल्ट उघडायला उशीर लावणारे. सिगच्या एमपीएक्समध्ये वायूवर चालणारी कुलूपबंद रचना आहे. पण रोलर आणि वायूच्या वाटेला गेलं की किंमत दुप्पट-तिप्पट होते, आणि या चांगल्या गोष्टी आधी ९ एमएममध्ये निघतात. आडवाटेच्या काडतुसाला बहुधा साधा ब्लोबॅकच वाट्याला येतो. म्हणजे जिथे धक्का जास्त, तिथेच रचना जुनाट. हे मला फार खटकलं.

१९ जानेवारी, रविवार

भाच्याने काल मोजमाप केलं. सकाळी कडाक्याची थंडी होती म्हणे, सहा अंश. क्लबातल्या एकाने .४० ची केल-टेक सब-२००० दिली, दुसऱ्याने ९ एमएमची रूगर पीसी आणि ९ एमएमचंच ग्लॉक १७ पिस्तूल. प्रत्येकी दहा बार, सेकंदाला सरासरी वेग:

भाच्याचं ग्लॉक २२, १८० ग्रेन: ९८५ फूट. सब-२०००, तेच काडतूस: १०९६ फूट. ग्लॉक १७, ११५ ग्रेन: ११४८. रूगर पीसी: १३०२.

माझा अंदाज ५४ फुटांनी चुकला. थंडीत दारू थोडी मंदावते, पण सगळा फरक तेवढ्याने पडत नाही. मीच जास्त धरलं होतं.

ऊर्जा ज्यूलमध्ये मांडली तर .४० पिस्तुलातून ५२६ आणि कार्बाइनमधून ६५१. ९ एमएम ४५६ आणि ५८७. दोन काडतुसांतलं अंतर पिस्तुलात ७० ज्यूल होतं, कार्बाइनमध्ये ६४ झालं. म्हणजे लांब नळीने .४० ला ९ एमएमच्या पुढे काहीही नेलं नाही, उलट अंतर किंचित मिटलं. हा आकडा मी तीनदा तपासला.

आणखी एक. गार हवेत आवाजाचा वेग ३३५ मीटरच्या आसपास, आणि .४० ची गोळी कार्बाइनमधून ३३४ मीटरने निघते. अगदी आवाजाच्या उंबरठ्यावर. ९ एमएम ३९७ ने निघते, तिला शंभर मीटर गाठायला कमी वेळ लागतो. ५० मीटरवर नेम बसवला तर १०० मीटरवर .४० ची गोळी ९ एमएमपेक्षा दोनेक बोटं जास्त खाली लागेल. कागदावरच्या नेमबाजीला हा फरक मोठा नाही, पण आहे तो .४० च्या विरुद्ध आहे.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आलो. पोरांची लेन बंद. एक छोटी नोंद: .४० चं पिस्तूल इतकं स्वस्त का मिळालं हे भाच्याने विचारलं होतं. १९८६ साली मायामीत एफबीआयच्या माणसांची दरोडेखोरांशी चकमक झाली, दोन एजंट मारले गेले. त्यानंतर मोठ्या काडतुसाचा शोध सुरू झाला. आधी १० एमएम घेतलं, ते बऱ्याच जणांना जड गेलं, मग १९९० मध्ये त्याचंच आखूड रूप म्हणून .४० आलं. पंचवीसेक वर्षं पोलिसांत तेच चाललं. पुढे ९ एमएमच्या गोळ्या सुधारल्या, एफबीआय ९ एमएमवर परतलं, मागोमाग खाती परतली आणि जुनी पिस्तुलं बाजारात आली. स्वस्ताईचं कारण पिस्तुलातला दोष नाही. लोक त्या काडतुसापासून दूर जातायत, हे कारण आहे. पण ज्या काडतुसापासून लोक दूर जातात, त्याची नवी कार्बाइन घेताना हे लक्षात ठेवायला हवं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सामन्याचे नियम नीट वाचले आणि मला वाटतं प्रश्न इथेच बराचसा सुटला. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

भाचा यूएसपीएसए या अमेरिकन नेमबाजी संघटनेचे सामने खेळतो. तिथे गुण आणि वेळ यांचा भागाकार होतो. काडतुसाचा जोर मोजायला गोळीचे ग्रेन गुणिले वेग, भागिले हजार. हा आकडा १२५ च्या वर गेला की 'मायनर', १६५ च्या वर गेला की 'मेजर'. मधल्या 'ए' भागात लागली तर दोघांनाही ५ गुण. बाजूच्या 'सी' भागात लागली तर मायनरला ३, मेजरला ४. 'डी' मध्ये १ आणि २. पिस्तुलाच्या ज्या विभागांत मेजर चालतं तिथे .४० ला याच कारणाने मान होता. धक्का सोसायचा, त्याबदल्यात चुकीला सवलत घ्यायची.

पण कार्बाइनच्या विभागात सगळ्यांना मायनरच गुण मिळतात. भाच्याच्या .४० चा आकडा १९७ येतो, ९ एमएमचा १५०. दोघांना 'सी' ला ३. म्हणजे .४० वाला एक तृतीयांश जास्त धक्का खांद्यावर घेणार आणि बदल्यात त्याला काहीच मिळणार नाही. त्या धक्क्यातून डॉट (नेम धरायच्या काचेतला प्रकाशाचा ठिपका) परत नेमावर यायला जो वेळ लागतो, तो भागाकारात त्याच्या विरुद्ध मोजला जाणार.

रात्री फोन केला. तिकडे सकाळ होती. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण मामा, माझी मॅगझीनं आहेत ना आठ." मला वाईट वाटलं. पहिल्या पिस्तुलावर जीव असतो, मला माहीत आहे. माझी पहिली .२२ मी वीस वर्षं विकली नाही.

२ मार्च, रविवार

आज उलट बाजू लिहितो, नाहीतर या नोंदी एकतर्फी होतील.

क्लबातले एक आजोबा .३५७ चं रिव्हॉल्व्हर आणि त्याच काडतुसाची लिव्हर रायफल वापरतात. त्यांचं ऐकून मला मनापासून पटलं. त्यांच्या जोडीत लांब नळी खरोखर कामाला येते. शिवाय त्याच रायफलीत .३८ स्पेशलची सौम्य काडतुसं चालतात, नातवंडांना शिकवता येतं. काडतूस महाग आहे, पण ते वर्षाला चार-पाचशेच झाडतात आणि रिकाम्या केस घरी पुन्हा भरतात. त्यांना आडवाट परवडते आणि शोभतेही.

दुसरा एक शेतावर राहणारा. रानडुकरांनी त्याचं मक्याचं पीक लोळवलं. हे ऐकून रावेर-यावलचे शेतकरी आठवले, तीच व्यथा. तो १० एमएमची कार्बाइन वापरतो. पन्नास-साठ मीटरच्या आत जड गोळी हवी, झाडीत आखूड बंदूक हवी, वर्षाला दोनशे काडतुसं पुरतात. त्याला मी घेऊ नको म्हणणार नाही.

५.७ बद्दल माझं मत अजून बनलेलं नाही. ते काडतूस मुळातच पिस्तुलाहून लांब नळीच्या पी९० या सबमशीनगनसाठी बनलं, त्यामुळे कार्बाइन हीच त्याची जन्मजात जागा. हलकी, वेगवान गोळी, धक्का जवळजवळ नाही. पण ९ एमएमच्या दुपटीहून जास्त दर. ज्याला महिन्याला तीनशे झाडायचीत त्याने दोनदा विचार करावा.

.४५ चं मात्र मला काही सापडलं नाही. जड, संथ गोळी, लांब नळीने थोडंफारच काही मिळतं, दर .४० पेक्षाही चढा. ज्याच्या घरी आजोबांची .४५ आहे त्याने हौसेने घ्यावी.

९ मार्च, रविवार

वही आली! दोन महिन्यांत ६४० काडतुसं, म्हणजे महिन्याला ३२०. काकांना फोन करून सांगितलं, त्यांना बरं वाटलं.

भाच्याने तिथल्या दुकानांचे दर लिहून पाठवलेत. मोठ्या पेटीत ९ एमएम साधारण २४ सेंट, .४० साधारण ३६. फरक १२ सेंट. वर्षाला ३८४० काडतुसं धरली तर ४६० डॉलर. पाच वर्षांत २३०० डॉलर. त्याच्या मनातली कार्बाइन पाचशे-सहाशे डॉलरची. म्हणजे ती घेऊन पाच वर्षं चालवायची तर चार कार्बाइनींचे पैसे नुसत्या फरकात जातात. किंवा याच पैशात तो ९ एमएममधून जवळपास साडेनऊ हजार काडतुसं जास्त झाडू शकतो. मी शिकवणारा माणूस आहे, मला हा दुसरा हिशेब जास्त बोलका वाटतो. माझ्या पोरांपैकी ज्यांचा नेम सुधारला, ती रायफल बदलून नाही सुधारली. स्वप्नील कुसाळेने ऑगस्टमध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हा शेडमध्ये पेढे वाटले होते. तो आपल्या मध्य रेल्वेचाच. त्याच्या हातातली रायफल कुठली, असं एका पोराने विचारलं होतं. मी म्हटलं, आधी त्याने किती वर्षं आणि किती तास घातलेत ते विचार.

२०२०-२१ ची टंचाईही भाच्याच्या क्लबात अजून बोलली जाते. ९ एमएमचे दर तेव्हा कितीतरी पटींनी चढले होते. पण माल यायला लागला तेव्हा कारखान्यांनी आधी तेच काडतूस भरलं, जे सगळ्यांत जास्त खपतं. आडवाटेच्या काडतुसांनी मागे रांगेत उभं राहायचं.

२३ मार्च, रविवार

क्लबातल्या एका जुन्या खेळाडूने भाच्याला वाट दाखवली आणि ती मला इतकी आवडली की रात्री उठून लिहितोय. ग्लॉक २२ मध्ये ९ एमएमची बदली नळी बसते. बाहेरून .४० च्या मापाची, आतून ९ एमएमची. सोबत ग्लॉक १७ ची मॅगझीनं. फ्रेम तीच, वरचा सरकता भाग म्हणजे स्लाइड तीच. मी मापांचे फोटो मागवून बघितले. स्लाइडचा काडतूस टेकतं तो भाग .४० साठी थोडा रुंद आहे, त्यामुळे एक्स्ट्रॅक्टर (रिकामी केस ओढून काढणारा आकडा) काडतुसाला थोडा सैल धरेल. सरावाला आणि सामन्याला बहुतेकांचं व्यवस्थित चालतं. कार्बाइन रूगर पीसी घेतली तर तीही अडॅप्टर बदलून ग्लॉकची मॅगझीनं घेते.

म्हणजे त्याला पहिल्या रात्री ओट्यावर जे हवं होतं, एक पेटी आणि दोघांचं भागणं, ते मिळतं. फक्त ९ एमएममध्ये. आणि ज्या दिवशी जुनी नळी परत घालावीशी वाटेल त्या दिवशी ते पिस्तूल पुन्हा .४० आहे. विकायची गरज नाही.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

भाच्याने काल रूगर पीसी घेतली, ९ एमएमची. बदली नळीही मागवली. आठ जुनी मॅगझीनं डब्यात जपून ठेवणार म्हणाला. मी ठेव म्हटलं.

ताईने फोनवर विचारलं, "झालं का एकदाचं तुमचं? दोघांनी चार महिने डोकं खाल्लं." मग श्रीखंडाचं बोलली.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी

बाहेर ४४ अंश. शेडमध्ये दुपारी कुणी थांबू शकत नाही, लेन सकाळी सहालाच लावतो. आज सण, सांजोऱ्या झाल्या, पोरी झोक्यावर.

भाच्याने शनिवारी नवीन कार्बाइनने पहिला सामना खेळला. वेळ सुधारली. लांबच्या लोखंडी पाट्या एका दमात पाडल्या. पण चार मीटरवरच्या निशाणाने घात केला. त्याच्यापुढे अर्धवट झाकणारा पांढरा 'नो-शूट' होता, म्हणजे गोळी लागली तर दंड असं निशाण, डॉट बरोबर वरच्या भागावर ठेवला होता आणि गोळी पाच सेंटिमीटर खाली लागली, सरळ पांढऱ्यात. दहा गुण गेले. त्याला वाटलं बंदूक बिघडली.

बंदूक नीट आहे. डॉट नळीच्या सहा सेंटिमीटर वर बसतो. ५० मीटरवर नेम बसवला की जवळ गोळी नजरेच्या रेषेखालूनच जाते. पिस्तुलात हे अंतर खूप कमी असतं, म्हणून त्याला कधी जाणवलं नाही. मी गणित करून पाठवलं: ३ मीटरवर पाच सेंटिमीटर खाली, ५ वर साडेचार, १० वर साडेतीन, २५ ला जेमतेम अर्धा-एक. हे पाठ करून चालणार नाही, डोळ्यात बसायला हवं. म्हणून त्याला सांगितलं, पुढचे तीन शनिवार पहिली पन्नास काडतुसं फक्त ३, ५ आणि ७ मीटरवर, नाण्याएवढ्या ठिपक्यावर, डॉट ठिपक्याच्या वर ठेवून.

इकडे शेडमध्ये मीही तीन मीटरवर एक कागद लावलाय. एअर रायफलचीही दृष्टी नळीच्या वरच असते, पण पोरं कायम दहा मीटरवरच झाडतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. उद्या सकाळी आधी त्यांना विचारणार, गोळी कुठे लागेल ते पेन्सिलीने खूण करा. मग झाडायला देणार.